वर्गातील मोफत ऑनलाइन साधने : गोसीखुर्द परिसराच्या आधारे एक विवेचन

शिक्षकांसाठीच्या मोफत ऑनलाइन साधनांच्या याद्या प्रशिक्षणांत वाटल्या जातात आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात. यादीत साधनाचे नाव असते, ते काय करते हेही लिहिलेले असते. पाठातल्या कोणत्या अडचणीवर ते लावायचे, हे मात्र शिक्षकावर सोडून दिलेले असते, आणि खरे काम तर तेच आहे. त्या निवडीचा विचार इथे एका ठरावीक ठिकाणी उभे राहून केला आहे. ते ठिकाण म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले गोसीखुर्द, तिथले वैनगंगेवरचे इंदिरा सागर (गोसीखुर्द) धरण, त्याचे बुडीत क्षेत्र आणि त्यातून उठून वसलेली नवी गावठाणे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. ऑनलाइन साधने दोन जातींची असतात. काही आयता आशय दाखवतात. काही विद्यार्थ्याच्या हाती कच्ची माहिती देऊन त्याला शोधायला लावतात. आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत पहिल्या जातीवर सारा भर पडला. खेड्यातल्या शाळेला मात्र दुसऱ्या जातीची गरज अधिक आहे, कारण त्या शाळेभोवतीचा परिसर कोणत्याही तयार व्हिडिओत सापडत नाही.

मोफत म्हणजे काय

ज्याला पैसे पडत नाहीत ते मोफत, ही व्याख्या वर्गाच्या कामाची नाही. साधन फुकट असले तरी डेटा फुकट नसतो, आणि बहुतेक वेळा तो शिक्षकाच्या खिशातून जातो. काही साधने सुरुवातीला मोकळी असतात. मग खेळाडूंची, प्रश्नांची किंवा साठवणुकीची मर्यादा येते आणि बसवलेला पाठ अर्ध्यावर अडतो. काहींची किंमत मुलांच्या माहितीतून वसूल होते. म्हणून मोफतपणा तपासताना साधन उतरवून घेता येते का, बदलता येते का आणि दुसऱ्याला देता येते का, हे आधी पाहावे. खुल्या परवान्याचे महत्त्व इथे आहे. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी अशा परवान्याखाली आहेत. शिक्षक त्या छापू शकतो, भाषांतरित करू शकतो, त्यात आपल्या गावचे शब्द घालू शकतो. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात उतरवता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो आणि कोणत्याही खात्याविना उघडतो. नदी, धरण, भात, मृदा अशा नोंदी नववी-दहावीच्या मुलांनी मुळातून वाचाव्यात अशा आहेत, आणि माझ्या मते मराठी शिक्षकाला मिळालेले हे सर्वात दुर्लक्षित साधन आहे.

आशय दाखवणारी साधने

या जातीचा महाराष्ट्रातला इतिहास अभिमानाचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राचा दीक्षा मंच सुरू झाला. कोविडकाळात 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' या मोहिमेत दीक्षावरचे घटक, सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्वाध्याय यांनी लाखो घरांशी शाळेचा धागा टिकवून ठेवला.

डिसले यांच्या कामातला एक भाग कौतुकाच्या गर्दीत मागे पडतो. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. त्यांनी आधी ती भाषा आत्मसात केली, पुस्तकांचा आशय मुलांच्या भाषेत आणला, आणि मग कोड आले. म्हणजे अडचण पहिली, साधन नंतरचे. आपण कोड उचलले आणि तो क्रम मात्र मागे राहिला.

कोविडकाळाने आणखी एक सवय लावली. ऑनलाइन म्हणजे पाठवायची गोष्ट, असे समीकरण तेव्हा रुजले, कारण तेव्हा पाठवणे हेच शक्य होते. आता मुले वर्गात समोर बसलेली असतात. अशा वेळी शिक्षक स्वतः चांगला समजावू शकतो तो घटक व्हिडिओवर लावणे म्हणजे वर्गातला सर्वात मोलाचा माणूस बाजूला बसवणे होय. जे गावात दाखवताच येत नाही, उदाहरणार्थ हृदयाची आतली हालचाल किंवा ज्वालामुखी, त्यापुरता व्हिडिओ योग्य ठरतो.

शोधायला लावणारी साधने : उपग्रहातून बुडीत क्षेत्र

दुसऱ्या जातीचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण गोसीखुर्दसाठी ते जणू मुद्दाम घडवलेले आहे. गूगल अर्थमधली टाइमलॅप्स सुविधा १९८४ पासूनची उपग्रहचित्रे वर्षवार सरकवून दाखवते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. म्हणजे धरणाआधीची वैनगंगा, बांधकामाची वर्षे आणि पाणी पसरत गेले तो काळ, सगळे एकाच पट्टीवर मिळते. धरण बांधून होण्यापूर्वीचे आपले गाव कसे होते याचा असा पुरावा महाराष्ट्रातल्या कोयना, जायकवाडीसारख्या जुन्या धरणांकाठच्या मुलांना या सुविधेत मिळत नाही.

वर्गात हे लावताना प्रश्न आधी लिहावा, चित्र नंतर उघडावे. पाणी कोणत्या वर्षापासून पसरलेले दिसते? मुलांनी प्रथम घरी आजी-आजोबांना विचारून उत्तर आणावे. ही उत्तरे जुळणार नाहीत, आणि पाठ तिथेच सुरू होतो. एक आजोबा शेत गेले ते वर्ष सांगतील, दुसरी आजी घर सोडले ते वर्ष सांगेल, तिसऱ्याला मोबदला मिळाला ते वर्ष लक्षात असेल. उपग्रहाला यांतले फक्त पाणी दिसते. स्मरणातले साल आणि चित्रातले साल यांत अंतर का पडते, हे मुलांनी मांडले की पुराव्याचे प्रकार त्यांना व्याख्येविना समजतात.

याच कामाला युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर जोडावा. कुठे पाणी बारमाही आहे, कुठे हंगामी आहे, कुठे पूर्वी नव्हते आणि आता कायमचे झाले, हे तो वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. धरणाच्या कडेचा हंगामी पट्टा म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्याखाली आणि पाणी ओसरले की उघडी पडणारी जमीन. महाराष्ट्रात अशा जमिनीला गाळपेर म्हणतात, आणि धरणाकाठच्या मुलांना ती नकाशाआधी पायाने माहीत असते. पडद्यावरचा रंग आणि ओळखीची जमीन यांची गाठ पडते तेव्हा नकाशावाचन हा स्वतंत्र कौशल्याचा घटक उरत नाही.

या उपग्रहचित्रांची मर्यादाही पाठाचाच भाग करावी. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. मुलांनी दोरी घेऊन शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवढा चौकोन आखावा. क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर. एका हेक्टरात असे सुमारे ११ चौकोन. त्या चौकोनात मग काय काय बसते ते मोजावे: हातपंप, कडुनिंब, वऱ्हांडा, कदाचित अर्धी इमारत. या सगळ्याचा उपग्रहाला मिळून एकच रंग दिसतो. गावाशेजारचा दहा मीटर रुंदीचा नाला चित्रात का हरवतो, हे मग सांगावे लागत नाही. ऐन पावसाळ्यातली चित्रे कमी का मिळतात, याचे उत्तर आभाळाकडे पाहून मुलेच देतात.

उंचीचे कामही असेच करता येते. धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे. गूगल अर्थमध्ये कोणत्याही जागेवर बोट ठेवले की तिची उंची कळते. मुलांनी काठावरच्या दहा-बारा जागांच्या उंच्या टिपाव्यात आणि पाणी कुठवर चढेल याचा अंदाज कागदावर रेखाटावा. तो प्रत्यक्ष पाण्याच्या रेषेशी तंतोतंत जुळणार नाही. अशा आकड्यांत काही मीटरची चूक असू शकते आणि सपाट भातखाचरांच्या मुलखात उंचीतल्या एका मीटरच्या फरकाने पाणी आडवे लांबवर सरकते. पडद्यावर आकडा आला म्हणजे तो अचूक, हा समज लहान वयात मोडणे फार आवश्यक आहे, आणि तो मोडायला यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.

पावसाच्या बाबतीत राज्याच्या कृषी विभागाचे महारेन संकेतस्थळ आहे. तिथे दैनंदिन पाऊस तालुका आणि मंडळवार मिळतो. सरळ भिंतीच्या बाटलीचे पर्जन्यमापक शाळेत बसवून रोजची नोंद आणि मंडळाचा आकडा शेजारी शेजारी लिहिले की सरासरी, आलेख आणि फरक यांना विषय मिळतो. आणखी पुढे जायचे तर २०२० च्या ऑगस्टअखेरीचा वैनगंगेचा महापूर घ्यावा. नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. वरच्या भागातला पाऊस आणि तिथल्या धरणांतून सोडलेले पाणी यांनी भंडाऱ्यात पूर आला, आणि गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांतून गेलेल्या पाण्याने चंद्रपूर, गडचिरोलीतली गावे वेढली. आपल्या मंडळातल्या पावसाच्या आकड्यावरून हा पूर ओळखता आला असता का, हा प्रश्न आठवीच्या वर्गाला पेलतो. नदीखोरे ही कल्पना त्याशिवाय मनात उतरत नाही.

पडदा कुठे नको

ज्या गोष्टीसाठी बाटली पुरते तिथे पडदा आणू नये. धरणाची भिंत तळाशी रुंद का, याचे उत्तर पाण्याच्या दाबात आहे: वीस मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे वीस टन भार. नेहमीचा प्रयोग म्हणजे बाटलीला एकाखाली एक तीन भोके पाडून धारा पाहणे. पुष्कळ चित्रांत सर्वात खालची धार सर्वात लांब पडताना दाखवतात. बाटली जमिनीवर ठेवून पाहिले तर मधल्या उंचीवरच्या भोकाची धार लांब जाते आणि तळाजवळची पायाशीच पडते. कारण खालच्या धारेला वेग जास्त असला तरी खाली पडायला अंतरच उरत नाही. तीच बाटली उंच स्टुलावर ठेवली, स्टूल बाटलीतल्या पाण्याइतके किंवा त्याहून उंच असले, की खालची धार खरोखरच सर्वांच्या पुढे जाते.

हे ओल्या जमिनीवर पाहून झाल्यानंतरच जिओजेब्रा उघडावे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हे गणिती साधन मोबाइलवर इंटरनेटविनाही चालते. धारेचे अंतर भोकाच्या उंचीनुसार कसे बदलते याचा वक्र काढावा आणि स्टुलाची उंची सरकपट्टीने वाढवत न्यावी. स्टूल उंचावत जाते तसा वक्राचा माथा तळाकडे सरकतो. बाटलीने गोंधळात टाकले, त्याचा उलगडा आलेखाने केला. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्सही याच जागी बसतात. नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि फाइल उतरवून ठेवली की रेंज गेली तरी चालतात. साध्या वस्तूंच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून घडलेली खेळणी, पुस्तके आणि चित्रफिती तिथे कोणालाही खुल्या आहेत. त्या चित्रफिती मुलांना लावून देण्यापेक्षा शिक्षकाने आदल्या रात्री स्वतः पाहाव्यात आणि सकाळी वर्गात काड्या-बाटल्या घेऊन जावे.

प्रश्नमंजूषेच्या साधनांबद्दल थोडक्यात सांगायचे तर कहूतसारख्या खेळाला प्रत्येकाच्या हाती किंवा निदान प्रत्येक गटाकडे यंत्र लागते. जिल्हा परिषदेच्या वर्गात ते गृहीत धरता येत नाही. प्लिकर्स अधिक सोयीचे. मुलांनी छापील कार्ड हवे त्या बाजूने उभे धरायचे आणि शिक्षकाने एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळ्या वर्गाची उत्तरे टिपायची. मोफत खात्याला मर्यादा आहे, पण दोन-तीन नेमके प्रश्न पुरतात. उत्तर चुकलेली मुले कोणत्या एकाच चुकीच्या पर्यायाकडे झुकली, हे त्यातून कळले पाहिजे. गुण मोजणे हा हेतू नव्हे.

बोलीचा प्रश्न

गोसीखुर्दचा मुलूख झाडीबोलीचा. 'ळ'च्या जागी 'र' आणि 'ण'च्या जागी 'न' बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकाची भाषा त्याच्या कानाला परकी असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास आणि कोशकार्य करून तिला प्रतिष्ठा दिली, पण ऑनलाइन आशय जवळपास सगळा प्रमाण मराठीत आहे. आवाज ओळखणारी किंवा वाचन ऐकून गुण देणारी साधने वर्गात आणण्याआधी शिक्षकाने गावच्या उच्चारात स्वतः वाचून पाहावे. घरचा उच्चार चूक म्हणून परत येत असेल तर ते साधन पहिली-दुसरीत आणू नये. त्या वयात मुलाला आपल्या आईची भाषा चुकीची आहे असे यंत्राकडून ऐकवणे हा अन्याय आहे.

स्टोरीवीव्हरचा उपयोग इथे उलट दिशेने होतो. एखादी छोटी चित्रकथा घ्यावी, चित्रे तीच ठेवावीत, आणि मजकूर मुलांनी आपल्या बोलीत सांगावा. शिक्षकाने तो तसाच लिहावा, छापावा, वर्गात टांगावा. मग शेजारी प्रमाण मराठीतली प्रत ठेवावी. दोन्ही भाषा भिंतीवर सारख्या मानाने दिसल्या की मूल एकीकडून दुसरीकडे स्वतःहून जाते.

एक यंत्र, अधूनमधून रेंज, चाळीस मुले

वरच्या बहुतेक कामांना शिक्षकाचा एक मोबाइल किंवा शाळेचा एक संगणक पुरतो, मात्र तयारी आधी हवी. टाइमलॅप्समधली पाच-सहा वर्षांची चित्रे पडदाचित्र म्हणून साठवून, जमल्यास तालुक्याच्या ठिकाणी छापून आणली तर पाच गट एकाच वेळी कागदावर काम करतात. विकिपीडिया इंटरनेटविना वाचण्यासाठी किविक्स आहे, आणि अभ्यासघटकांचा साठा शाळेतल्याच एका संगणकावरून वाटण्यासाठी कोलिब्री. दीक्षावरचे घटकही उतरवून घेता येतात. प्रशिक्षणात साधन उघडायला शिकवतात. ते रेंज नसताना कसे चालवायचे हे शिकवत नाहीत, आणि गावातल्या शिक्षकाचा हुरूप नेमका तिथे मोडतो. या तयारीला शिक्षकाचा वेळ लागतो. ऑनलाइन नोंदी आणि माहिती भरण्यातच त्याचे तास जात असतील तर कोणतेही मोफत साधन त्याला महागच पडेल. ही तक्रार शिक्षक वर्षानुवर्षे करतात आणि ती रास्त आहे.

मुलांच्या माहितीविषयी नियम कडक असावा. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती लागते. वर्गात याचा सोपा अर्थ असा: खाते फक्त शिक्षकाचे, मुलांची नावे हजेरी क्रमांकाने, चेहऱ्यांची छायाचित्रे कुठेही चढवायची नाहीत.

बुडालेली नावे

शेवटचे काम नकाशा तयार करण्याचे. ते सर्वात नाजूक आहे. बुडीत क्षेत्राचे चित्र उघडले की वर्गातल्या कोणाचे तरी घर, देऊळ, मसणवट पाण्याखाली दिसते. काही घरांत मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा विषय अजून दुखरा असतो. शिक्षकाने पालकांशी आधी बोलावे, आणि ज्या मुलाला आपल्या गावाबद्दल सांगायचे नसेल त्याला मोजमापाचे काम द्यावे.

ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही रस्ते, शाळा, पाणवठे भरू शकते. नव्या गावठाणातल्या गल्ल्या, अंगणवाडी, पाण्याची टाकी तिथे अनेकदा नसतात. शिक्षकाच्या खात्यातून मुलांनी पायी फिरून गोळा केलेली माहिती भरावी. तिथला नियम असा आहे की आज जमिनीवर जे आहे तेच नोंदवायचे. त्यामुळे जुनी गावे, जुने घाट, पाण्याखाली गेलेली शेतांची नावे यांच्यासाठी शाळेचा वेगळा नकाशा करावा. यूमॅपवर तो मोफत होतो. त्यात दोन थर ठेवावेत, एक आजचा आणि एक पाणी येण्याआधीचा. जुन्या थरातले प्रत्येक नाव निदान दोन वडीलधाऱ्यांकडून पडताळावे, जागेबद्दल मतभेद असेल तर दोन्ही जागा प्रश्नचिन्हासह दाखवाव्यात, आणि सांगणाऱ्याच्या नावाऐवजी फक्त नोंदीची तारीख लिहावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तोच नकाशा उघडून प्रश्नचिन्हांपासून काम सुरू करावे.